वर आलेल्यानं दोर धरायचा

दिवाळी सरली की तेल्हाऱ्याजवळच्या त्या लहानशा गावातली बौद्ध वस्ती बायकांची होऊन जायची. पुरुष पुलावर जात. पूल होता पूर्वेकडे, रेल्वेनं फार लांब, एका अफाट नदीवर. ललितानं ती नदी कधी पाहिली नाही. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की तिचा नवरा देवमन त्या नदीच्या तळाशी काम करतो आणि तरी त्याचे पाय कोरडे राहतात.

हे तिला पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. मग देवमननं पाण्याच्या बादलीत पेला उपडा दाबून दाखवला होता. पेल्यात पाणी शिरत नाही, आत हवा असते. तिकडे नदीत तसाच एक प्रचंड पेला उतरवतात, म्हणाला. विहिरीएवढा, वरून झाकण असलेला. यंत्रानं आत इतकी हवा कोंबतात की नदी खालून आत येऊच शकत नाही. त्या कोंडलेल्या हवेत माणसं उतरतात आणि तळाची वाळू खणतात. बाहेर येताना मधल्या लोखंडी कोठीत बसायचं. कोंडलेली हवा हळूहळू सोडतात, मग दार उघडतात. घाई केली तर सांधे धरतात.

ही माणसं मुळात विहिरी खोदणारी. देवमनचा मामा किसनराव त्यांचा मुकादम. तेल्हारा, अकोट, पार अचलपूरपर्यंत त्यांच्या हातच्या विहिरी होत्या. पाणी लागलं की त्यातल्या बऱ्याच विहिरींवर त्यांचीच भांडी चालत नसत, ती गोष्ट वेगळी. पुलाच्या ठेकेदाराला खोल उतरायला न भिणारी माणसं हवी होती. कोणीतरी किसनरावाचं नाव सांगितलं, आणि एकसष्ट साली दिवाळीनंतर सगळी टोळी पहिल्यांदा गेली.

या टोळीचा एक कायदा होता. वर आलेल्यानं दोर धरायचा. खाली आणखी माणूस आहे तोवर वर आलेला बसत नाही, पाणी पीत नाही, बिडी पेटवत नाही. सुरुंगाची वात पेटवून जो शेवटी निघतो, त्याचा जीव वरच्याच्या हातात असतो. देवमनचा बाप असाच गेला होता. वर आलेला माणूस घोटभर पाण्यासाठी वळला, तेवढ्यात. तेव्हापासून देवमन किसनमामाच्या घरी वाढला, आणि वाढला तो दोर हातात घेऊनच.

पुरुष गेले की बायका दिवसा कापूस वेचायला जात आणि सांजेला पार्बताबाईच्या अंगणात जमत. पार्बताबाई म्हणजे टोळीतल्या पंजाबरावाची बायको, तोंडाची फटकळ.

"काय वो ललिते, तुया नवरा तिकडे मासोळ्या खात असन अन् तू इथं चटणीसंगं भाकर."

"खाऊ द्या. येतानी माह्यासाठी एखादी घेऊन येईन."

"मासोळी घेऊन येईन का बाई, थे पाहाजो मंग!"

सगळ्या हसत. हसून झालं की आपापल्या घरी जात आणि कड्या लागत. ललिताला मूल नव्हतं, सासू लग्नाआधीच वारली होती. घरात एक माणूस कमी झालं म्हणजे सगळं घरच कमी होई. तिला एका आवाजाची सवय होती, आणि तो नसला की झोप येत नसे. देवमनच्या छातीला कान लावला की ठोक्यांच्या मध्ये बारीक घुरघुर ऐकू येई, निजलेल्या मांजरासारखी. लग्न झाल्या वर्षी तिला वाटलं होतं, सगळ्याच पुरुषांच्या छातीत असं वाजत असेल. विचारणार कोणाला?

दुसऱ्या वर्षी माघ महिन्यात, टोळी यायला पुष्कळ अवकाश असताना, देवमन एकटाच परत आला. अकोटच्या एस.टी.तून उतरला तो काठी टेकत. उजवा पाय ओढत होता.

"घसरलो," तो म्हणाला.

ललितानं पाय शेकला, तेल चोळलं. घसरलेल्या माणसाच्या पायाला सूज असते, निदान खरचटलेलं असतं. इथं काहीच नव्हतं. नुसतं बोट लावलेलं त्याला कळत नव्हतं. वस्तीत लोक येऊन बघून गेले. कोणी म्हणालं वारं गेलं, कोणी म्हणालं तिकडे दारू स्वस्त असते. पार्बताबाईनं मात्र ललिताला बाजूला घेतलं.

"माह्या घरच्यानं मांगच्या साली सांगतलं होतं. तुयाले म्हणे कोठीतून निंगाल्यावर भूल पडते. एकडाव तर अर्धा घंटा सोताचं नाव सांगता नाही आलं. सर्वायले सांगतलं त्यानं, ललिताले सांगजा नोको."

"अन् तुमी सांगतलं नाही."

"सांगून तू काय केलं असतं वो? रडली असती."

ललितानं रडायचं ते नंतर रडून घेतलं. तिची धाकटी बहीण शालू अमरावतीला होती, तिचा नवरा सरकारी कचेरीत कारकून. बहिणीकडे जायचं निमित्त करून तिनं देवमनला एस.टी.त बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सरळ मोठ्या दवाखान्यात नेलं. देवमन वाटेत दोनदा म्हणाला, "मी काय बिमार हाये का?" तिनं दोन्ही वेळा रस्त्याकडे पाहिलं.

डॉक्टरांचं नाव पिंपळखुटे. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी पाय पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मग छातीला नळी लावली. लावली ती काढेचनात.

"तुमच्या छातीत आवाज आहे, हे कोणी सांगितलं होतं?"

"नाही जी. भरतीच्या टायमाले तिथल्या डॉक्टरनं पायलं होतं. पण तिथं यंत्रं असे दणदणतात, का सोताचं बोलणं ऐकू येत नाही."

"मले माहीत हाये," ललिता म्हणाली. "मांजर घुरघुरते तसा. लग्नापासून हाये."

"अवं, काय सांगून राहिली!" देवमन लाजून लालेलाल झाला. नर्स तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नळी ललिताच्या कानाला लावली आणि विचारलं, "हाच?"

हाच होता. पण इतका मोठा, की तिला भीती वाटली.

मग डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. सगळे जण तितकाच वेळ खाली असतात का? हो. कोठीत तितकाच वेळ बसतात? हो, कोठी सगळ्यांची एकच. मग बाहेर आल्यावर ते काय करतात?

"सावलीत बसतात. गरम चहा भेटते."

"आणि तुम्ही?"

"मी रहाट धरतो. वाळूची बालटी वर ओढाची असते."

"तुम्हाला सांगितलेलं काम आहे ते?"

"सांगाले कायले पायजे? खाली माणसं हायेत ना."

"पण माणसं तर कोठीतून येतात. दोरानं नाही."

 देवमन आपल्या हातांकडे बघत राहिला. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानं स्वतःलाही नाही. वर आलं की हात दोराकडे जात, एवढंच.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते ललिताला आयुष्यभर जसंच्या तसं आठवलं. त्या दाबाखाली हवा रक्तात मुरते. वर येताना तिचे बारीक बुडबुडे होतात. ते थोडेफार सगळ्यांच्याच रक्तात होतात, पण रक्त पुढे जाण्याआधी फुप्फुसातून जातं, आणि फुप्फुस ते फडक्यासारखं गाळून घेतं. देवमनच्या हृदयाच्या मधल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. एरवी त्यानं काही बिघडत नाही, म्हातारा होईपर्यंत जगेल. पण दम कोंडून जोर लावला, ओझं ओढलं, की त्या भोकातून रक्त न गाळताच पलीकडे जातं. त्याबरोबर बुडबुडे मेंदूत.

"ही माझी अटकळ आहे," डॉक्टर म्हणाले. "कोणत्या पुस्तकात असं सरळ लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पण मला दुसरं काही पटत नाही. पाय सुधारेल. पुन्हा त्या हवेत मात्र उतरायचं नाही. पुढच्या वेळी पायावर भागेलच असं नाही."

"दोर नाही धरला तं?"

"तरीसुद्धा नाही. खोकलात तरी जोर लागतो."

बाहेर आल्यावर देवमन दवाखान्याच्या पायरीवर बसला. समोर रस्त्यानं टांगे चालले होते. "कोणाले सांगजो नोको, तुले माही शपथ हाये," तो म्हणाला. "मामाले तं बिलकुल नाही. दिवाळीपावतर पाय ठीक होते. दोर धरत नाही, मंग तं झालं?"

"डॉक्टर काय म्हणाले थे ऐकलं ना तुमी?"

"ऐकलं. त्याईनं खाली उतरून पायलं का कधी?" मग आवाज उतरवून म्हणाला, "अवं, सर्वे तिकडे जाईन अन् मी एकटा इथं काय करू? बाया संगं कापूस वेचू?"

 ललितानं मान हलवली, आणि ती होकाराची आहे असं त्यानं धरलं.

उन्हाळाभर पाय सुधारत गेला. काठी सुटली. जेठात टोळी परतली तेव्हा तो सगळ्यांना घ्यायला स्वतः चालत गेला. पाऊस लागायच्या आधी गावाशेजारच्या एका मळ्यातली विहीर खोल करायचं काम किसनरावानं घेतलं, आणि देवमनही जायला लागला. खाली उतरायचं नाही, दोर धरायचा नाही, नुसतं दगड रचायचं, असं त्यानं ललिताला सांगितलं होतं. एका दुपारी ती भाकर घेऊन मळ्यात गेली. बांधावरूनच तिला दिसलं. पंजाबराव वर आला, काठावर पालथा पडून धापा टाकायला लागला. खाली अजून कोणीतरी होतं. देवमन चांगला दहा हात लांब दगड रचत बसला होता. तो उठला. कोणी हाक मारली नव्हती. तो उठला, पंजाबरावाच्या अंगावरून पाय टाकून पुढे गेला, दोर धरला, पाय रोवले, दम कोंडला आणि ओढायला लागला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. वर आलेल्या पोराच्या पाठीवर थाप मारून तो वळला तेव्हा त्याला ललिता दिसली.

"काय झालं?" त्यानं विचारलं. आपण काय केलं ते त्याला ठाऊकच नव्हतं.

साध्या विहिरीत त्याला काही होणार नव्हतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तिला कळत होतं. पण त्या दिवशी तिला दुसरं कळलं. या माणसानं दिलेला शब्द खरा होता. त्याचे हातच त्याच्या शब्दात नव्हते.

तरी ती तीन महिने गप्प राहिली. सांगितलं तर तो जगेल, पण तिचा राहणार नाही. नाही सांगितलं तर दिवाळीपर्यंत तो तिचा होता. पोळा झाला. भाद्रपद गेला. एके दिवशी देवमन तेल्हाऱ्याच्या बाजारात गेलेला पाहून ती किसनरावाच्या घरी गेली. किसनराव ओसरीवर अंबाडीचा नवा दोर वळत बसला होता.

"जयभीम मामाजी."

"जयभीम. ये सूनबाई. आज इकडे कशी? भांडण झालं का त्याच्यासंगं?"

"नाही. व्हाचं हाये."

किसनरावानं हातातला दोर खाली ठेवला. ललितानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भोक, बुडबुडे, फडकं, रहाट. सांगताना तिला वाटत होतं की आपण चोरी करतोय आणि तीही आपल्याच घरात.  संपल्यावर किसनराव म्हणाला, "डॉक्टरनं त्याले सांगतलं. त्यानं मले नाही सांगतलं. सात महिने झाले."

"त्याईनं शपथ घातली होती."

"अन् तू तोडली."

"हो."

"बम हिंमतीची हायेस वो." मग थोडा वेळ त्यानं अंबाडीचे धागे बोटाला गुंडाळले आणि सोडले. "तुले काय वाटलं, मी त्याले माराले नेतो? त्याच्या बापाले या हातानं बाहेर काढलं मी. पण तुले माहीत हाये का, थो दोर धरून उभा असला ना वरते, तं खाली कोणाले भेव लागत नाही. तिकडे रहाटावरचा दोर कामाचा नाही, थे आमाले बी माहीत हाये. तरी आमी उतराच्या आंधी विचारतो, वरते कोण हाये? देवमन हाये म्हटलं का मंग खणतो."

ललिताला हे माहीत नव्हतं. ती पदराचं टोक पिळत उभी राहिली.

"त्याले न्यू नोका," ती म्हणाली. "पण चार माणसाईत बोलू नोका मामाजी. घरी येऊन सांगा."

"पायतो," किसनराव म्हणाला.

त्यानं पाहिलं नाही. त्याच्यानं झालं नाही, हेच खरं. विहिरीत सुरुंग लावणारा तो माणूस भाच्याच्या घराची पायरी चढू शकला नाही, आज जाऊ उद्या जाऊ करत दिवाळी आली. निघायच्या सकाळी एस.टी.च्या थांब्यावर सगळी वस्ती जमली. वळकट्या, कंदील, बायकांनी बांधून दिलेल्या चटण्या. देवमन नवा सदरा घालून आला, वळकटी वर टाकायला त्यानं हात उचलला, आणि किसनरावानं तो हात धरला.

"तू नोको येऊ अवंदा."

"काहून?"

"इथं घराकडे पाहाले माणूस पायजे मले."

"घराकडे पाहाले बाया हायेत ना. काहून, थे सांगा."

किसनराव एका वळकटीची गाठ घट्ट करायला लागला. पंजाबरावानं गंमत करून ताण घालवायला पाहिलं, "अबे, बायकोनं चिठ्ठी नाही देल्ली काय तुले?" कोणी हसलं नाही. ते त्यानं सहज म्हटलं होतं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण किसनरावाची नजर ललिताकडे गेली आणि खाली वळली, आणि देवमननं ती नजर पाहिली.

तो भांडला नाही. बायकोला शिवी दिली असती तर ती तिनं आनंदानं ऐकली असती. त्यानं आपली वळकटी परत खांद्यावर घेतली, पंजाबरावाची वर टाकायला मदत केली, बाकी सगळ्यांच्या वळकट्याही एकेक करून वर दिल्या. गाडी धुरळा उडवत निघून गेली. मग तो घरी आला आणि वळकटी सोडून घोंगडी पुन्हा दांडीवर टाकली.

त्यानंतर घरात बोलणं राहिलं नाही. कामापुरतं होतं. "मीठ." "पाणी तापलं का?" "येतो." त्याला अकोटच्या कापसाच्या जिनात चौकीदारी मिळाली, सकाळी जाई आणि अंधार पडायच्या आत परते. जेवायला बसला की ताटाकडे बघत जेवे. आणखी हवं का विचारलं तर हात आडवा धरी. रात्री भिंतीकडे तोंड करून निजे. ललिता तिच्या जागेवरून त्याच्या पाठीकडे बघत पडून राही. माणूस परदेशी असतो तेव्हा त्याची वाट तरी बघता येते.

एका सांजेला राहवेना म्हणून ती पार्बताबाईच्या अंगणात गेली. बायका बसल्या होत्या. कोणाच्या नवऱ्याला थंडी सोसत नाही, कोणाच्या पोरानं बापाचं तोंड अजून पाहिलं नाही, असं चाललं होतं. ललितानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"तुयं काय वो," एक जण म्हणाली. "तुया तं घरात हाये."

पार्बताबाईनं त्या बाईला डोळ्यांनी दटावलं आणि ललिताला पाट सरकवला. ललिता थोडा वेळ बसली. मग दूध उतू जाईल म्हणून उठली. घरी दूध नव्हतं.

जे तिनं मागितलं होतं ते तिला मिळालं होतं. तो चालत होता, जिनातून येताना वाटेत कोणाशी तरी बोललेलं ऐकू येई, हसलेलंही ऐकू येई. दारात आला की ते थांबे. कधी ती स्वतःशीच म्हणे, नेऊ दिलं असतं तर? आणि मग डोळ्यांपुढे नदी येई, कधी न पाहिलेली, आणि ती पटकन चुलीत काटकी सारी.

जेठात टोळी परत आली. त्या दिवशी देवमननं जिनात सुट्टी घेतली आणि तो थांब्यावर गेला. ललिता घरीच राहिली. वळकट्या उतरल्याचे, पोरं ओरडल्याचे आवाज तिला चुलीपाशी ऐकू आले. मग बराच वेळ काहीच नाही. ती भाकरी थापायला बसली. दोघांपुरत्या होत आल्या तेव्हा तो आला. आला तो नेहमीसारखा बाजेवर न बसता आत येऊन, भिंतीला पाठ लावून, तिच्या मागे जमिनीवर बसला.

"माह्या जाग्यावर पंजाबराव उतरते आता," तो म्हणाला.

ललिताचा हात परातीत थांबला. तिनं मागे पाहिलं नाही.

"चांगला उतरते म्हणतात. पण बडबड करते लय. किसनमामा म्हणे, कोठीत बसलं का याचं तोंड बंद नाही व्हत, हवा पुरत नाही बाकीच्याईले." तो थोडा हसला. "नदीले अवंदा आवचित पाणी आलं होतं. चार दिवस काम बंद. सर्व्यायनं तंबूत बसून पत्ते कुटले. मामा हरला म्हणे. मामा कधी हरते का? हरला. थकला आता. दाढी पांढरी झाली पुरी. मी त्याले म्हटलं, तुमी बी आता..."

तो सांगत राहिला. नदीचं, वाळूचं, तिकडच्या भाताचं, कोणाच्या तरी चोरीला गेलेल्या चपलांचं. तिला सांगत होता की चुलीला, की आपल्याच गुडघ्यांना, ते कळत नव्हतं. मध्येच तो परत मामावर आला. मामानं त्याला जवळ घेतलं होतं, आणि मग बाकीचे त्यांच्या त्यांच्या गोष्टींत रमले होते, आणि त्या गोष्टी त्याला कळेनात, असं काहीसं तो म्हणाला. मग पुन्हा चपलांवर आला.

शेवटची भाकर तव्यावरून उतरली. आता हात धुवायचे, ताट वाढायचं. ताट वाढलं की तो जेवणार, आणि जेवताना तो बोलत नसे. ललितानं डब्यातून आणखी दोन मुठी पीठ परातीत घेतलं, पाणी घातलं आणि मळायला लागली.

"मंग?" पाठमोरीच ती म्हणाली. "चपला भेटल्या का मंग?"

"भेटल्या ना," देवमन म्हणाला. "आयक, काय झालं तं..."

टोपलीत भाकरी वाढत गेल्या.